घर आपले, मध्यस्थही आपलाच : घरविक्रीत घ्यावयाची दक्षता

(सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या शिक्षक व कर्मचाऱ्यांसाठी भरलेल्या मार्गदर्शन शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



घर पाहावे बांधून अशी आपल्याकडे म्हण आहे. घर पाहावे विकून अशी नाही. घर बांधण्यास कर्ज कोठून मिळते, परवानगी कोणाकडे मागावी, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. घर विकणे ही मात्र अडल्या-नडल्याची गोष्ट समजून त्याविषयी मोकळेपणाने कोणी बोलत नाही. आज परिस्थिती बदलली आहे. मुले पुण्या-मुंबईस स्थायिक होतात, भावाभावांच्या वाटण्या होतात, उतारवयात जिना चढवत नाही, दवाखाना जवळ असावा असे वाटते. अशा वेळी तीस-पस्तीस वर्षे हप्ते फेडून उभे केलेले घर विकावे लागते. त्या एका व्यवहारावर पुढील आयुष्याची निश्चिंती अवलंबून असते, आणि तो बहुधा आयुष्यात एकदाच करावा लागतो. चुकले तर पुन्हा संधी नसते.

ज्याला हा व्यवहार एकदाच करावयाचा असतो, त्याची गाठ रोज तोच व्यवहार करणाऱ्या माणसाशी पडते. या माणसास आपण दलाल, मध्यस्थ किंवा एजंट म्हणतो. चांगला मध्यस्थ हा मोठा आधार असतो. तो गिऱ्हाईक पारखून आणतो, बोलणी तुटू देत नाही, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयापर्यंत सोबत येतो. त्याच्या कष्टाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. परंतु मध्यस्थ समाधानकारक काम करीत नसेल, टाळाटाळ करीत असेल किंवा त्याच्या हेतूविषयी शंका येऊ लागली असेल, तर काय करावे, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे. त्याच्याशी भांडण करून उपयोग नाही आणि गप्प बसूनही नाही. आपण त्याला दिलेला अधिकार नेमका किती व कोठपर्यंत आहे, हे समजून घेणे ही पहिली पायरी होय.

मध्यस्थाचा अधिकार येतो कोठून?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या दहाव्या प्रकरणात, म्हणजे कलम १८२ ते २३८ मध्ये, दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या माणसाविषयीचे नियम आहेत. त्यांचे सार असे की, मध्यस्थाचा अधिकार हा तुमचाच अधिकार असतो; तुम्ही तो त्याला उसना दिलेला असतो. कलम २११ प्रमाणे त्याने तुमच्या सूचनांनुसार वागले पाहिजे. कलम २१२ प्रमाणे त्याने त्या धंद्यातील माणसाकडून अपेक्षित असलेले कौशल्य व तत्परता दाखविली पाहिजे. कलम २१३ प्रमाणे मागणी करताच हिशेब दिला पाहिजे, आणि कलम २१४ प्रमाणे अडचणीच्या प्रसंगी तुमच्याशी संपर्क साधून तुमच्या सूचना घेण्याचा कसोशीने प्रयत्न केला पाहिजे.

हा अधिकार तोंडी सांगण्यानेही निर्माण होतो, हे अनेकांस माहीत नसते. “कोणी गिऱ्हाईक असेल तर पाहा हो,” असे पारावर बसून म्हटले तरी पुढे वाद उभा राहू शकतो. शिवाय, तुमच्या बोलण्या-वागण्यावरून मध्यस्थास अधिकार आहे असा खरेदीदाराचा प्रामाणिक समज झाला असेल, तर मध्यस्थाच्या कृत्याची जबाबदारी कलम २३७ नुसार तुमच्यावर येऊ शकते. त्याने तुमच्या नावाने टोकन म्हणून घेतलेल्या रकमेची मागणी उद्या तुमच्याकडे होऊ शकते. म्हणून जे ठरेल ते कागदावर ठरवावे.

नेमणूक करताना

साध्या कागदावर, दोघांच्या सहीने, पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात. मुदत किती? तीन महिने पुरेसे असतात. नंतर वाढविता येते. काम एकट्याकडे की इतरांनाही सांगण्याची मोकळीक? दलाली शेकडा किती, आणि वस्तू व सेवा कर लागू असल्यास तो त्यात धरून की वेगळा? खरेदीदाराकडूनही तो दलाली घेणार आहे काय? दोन्ही बाजूंचा पैसा घेणारा माणूस घासाघीस सुरू झाली की कोणाची बाजू सांभाळणार, हे आधीच विचारण्यात गैर काही नाही.

दलाली कधी देय होईल, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. वेगळे ठरले नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय मोबदला देय होत नाही, असे कलम २१९ म्हणते. पण काम पूर्ण होणे म्हणजे काय? गिऱ्हाईक आणून उभे करणे, साठेखत होणे, की खरेदीखताची नोंदणी होऊन पूर्ण रक्कम हाती पडणे? बहुतेक तंटे येथेच उद्भवतात. “नोंदणीकृत खरेदीखत झाल्यावर व पूर्ण रक्कम मिळाल्यावर” असे एक वाक्य लिहिले की पुष्कळ मनस्ताप वाचतो.

आणखी तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पहिले, मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत. केवळ छायाप्रती द्याव्यात. कलम २२१ नुसार, विरुद्ध करार नसेल तर, येणे असलेली दलाली मिळेपर्यंत मध्यस्थ आपल्या ताब्यातील तुमचे कागद अडवून ठेवू शकतो. दुसरे, कुलमुखत्यारपत्र देऊ नये. गिऱ्हाईक शोधण्यासाठी त्याची आवश्यकता नसते. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. तथापि त्याचा गैरवापर होऊन जो घोळ होतो तो निस्तरण्यात वर्षे जातात. तिसरे, मध्यस्थाकडून उसने पैसे किंवा आगाऊ उचल घेऊ नये. घराच्या मिळकतीत त्याचा स्वतःचा हितसंबंध निर्माण झाला, तर कलम २०२ प्रमाणे त्या हितसंबंधास बाध येईल अशा रीतीने त्याचा अधिकार काढून घेता येत नाही.

विलंब होतो आहे, दोष कोणाचा?

घर सहा महिने विकले गेले नाही की आपण मध्यस्थास बोल लावतो. परंतु आधी स्वतःकडे पाहावे. घर न विकले जाण्याची दोन कारणे बहुधा आपल्याच बाजूची असतात: किंमत आणि कागद.

किमतीच्या बाबतीत मन हळवे असते. अंगणातील आंबा आपण लावलेला असतो, पण खरेदीदार त्याचे पैसे देत नाही. शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, ज्यांना आपण रेडी रेकनर म्हणतो, ते मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतात. प्रत्यक्ष बाजारभाव त्याहून कमी किंवा अधिक असू शकतो. अधिक विश्वासार्ह मार्ग म्हणजे आपल्या आळीत अलीकडे नोंदल्या गेलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २ पाहणे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ती पाहता येते आणि तीत मोबदल्याची रक्कम दिलेली असते. तीन-चार घरांचे आकडे हाती आले की मध्यस्थ सांगतो तो भाव फुगविलेला आहे की पाडलेला, हे आपले आपल्याला समजते.

कागदांच्या बाबतीत पूर्वीचे खरेदीखत, मिळकत पत्रिका, बांधकाम परवानगी, कर भरल्याच्या पावत्या आणि कर्ज फिटले असल्यास बँकेचा दाखला ही जुळणी मालकानेच करावयाची असते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. वडिलांच्या निधनानंतर वारसांची नावे लागली नसतील, तर कोणताही मध्यस्थ ते घर विकून देऊ शकणार नाही. गावठाणातील घरांसाठी २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार करण्यात येत आहेत. आपल्या गावाची पत्रिका तयार झाली असल्यास ती आधी तपासून घ्यावी. नावात किंवा क्षेत्रफळात चूक असल्यास ती वेळीच दुरुस्त करून घ्यावी.

किंमत रास्त आहे, कागद चोख आहेत, तरीही गिऱ्हाईक येत नसेल, तर मध्यस्थाकडे बोट दाखविण्यास आपण मोकळे झालो. मग त्याला पंधरा दिवसांनी एकदा लेखी माहिती मागावी: घर कोणास दाखविले, कोणत्या तारखेस, त्यांनी काय सांगितले, किती किंमत देऊ केली. जो काम करतो तो ही माहिती सहज देतो. जो “चार पार्ट्या लागल्या आहेत, बघू” एवढेच म्हणतो, त्याच्या चार पार्ट्या बहुधा अस्तित्वात नसतात.

आळस वेगळा, अप्रामाणिकपणा वेगळा

मध्यस्थाचे हित आणि तुमचे हित नेहमी एकच असते, असे मानू नये. समजा, घराची रास्त किंमत ४० लाख रुपये आहे आणि दलाली शेकडा २ ठरली आहे. ४० लाखांवर त्याला ८०,००० रुपये मिळतात. घर ३७ लाखांना गेले तर त्याला ७४,००० रुपये मिळतात. तुमचे ३ लाख जातात, त्याचे केवळ ६,००० जातात. उलट व्यवहार महिनाभर आधी उरकतो. म्हणून “आता हेच घ्या, पुढे एवढेही मिळणार नाहीत,” हा सल्ला तो देतो तेव्हा तो खोटेच बोलतो असे नाही, पण तो सल्ला त्याच्या सोयीचा असतो हे लक्षात ठेवावे. निर्णय आपणच करावा.

याहून घातक प्रकार म्हणजे “वरचे माझे”. मध्यस्थ म्हणतो, तुमच्या हाती ३५ लाख पडले म्हणजे झाले ना? भोळा मालक मान डोलावतो. खरेदीदाराकडून ४१ लाख घेतले जातात आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो. खरेदीखतात ४१ लाख लिहिले गेले, तर भांडवली नफ्याचा कर मोजताना तोच आकडा मालकाच्या नावावर धरला जातो. ३५ लाख लिहून उरलेले रोखीत फिरले, तर बेहिशेबी पैशाच्या व्यवहारावर मालकाची सही झालेली असते. म्हणून खरेदीदाराशी एकदा तरी समोरासमोर बसून किमतीची खातरजमा केल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये. इसाराची रक्कम थेट आपल्या बँकेच्या खात्यात घ्यावी. स्थावर मिळकतीच्या व्यवहारापोटी २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकराच्या कायद्याने १ जून २०१५ पासून मनाई केली आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका असू शकतो.

तिसरा प्रकार, मध्यस्थाने स्वतःच, किंवा मेहुण्याच्या अथवा भागीदाराच्या नावाने, घर घेण्याचा. तुम्हाला सर्व खरी माहिती देऊन व तुमची संमती मिळवून त्याने तसे केले तर हरकत नाही. परंतु महत्त्वाची गोष्ट लपवून ठेवली असेल, किंवा व्यवहार तुम्हाला तोट्याचा ठरला असेल, तर कलम २१५ नुसार तो नाकारता येतो. आणि न सांगता स्वतःसाठी व्यवहार करून त्याने मिळविलेला लाभ कलम २१६ नुसार मागता येतो. कामात गैरवर्तन करणाऱ्यास त्या कामाच्या मोबदल्याचा हक्क राहत नाही, असे कलम २२० सांगते.

अधिकार परत कसा घ्यावा?

मध्यस्थ बदलावयाचा असेल तर फोन उचलणे बंद करणे हा मार्ग नव्हे. अधिकार जसा लेखी द्यावा तसा तो लेखी परत घ्यावा. मुदत ठरली असेल आणि ती संपण्यापूर्वी, पुरेसे कारण नसताना काम काढून घेतले, तर कलम २०५ प्रमाणे भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून कारण नोंदवावे. मुदत ठरली नसेल तरी कलम २०६ प्रमाणे वाजवी पूर्वसूचना द्यावी. पत्राचा मसुदा साधारणतः असा असावा:

“स. न. वि. वि. माझे अमुक गावातील, अमुक मिळकत क्रमांकाचे घर विकण्यासाठी गिऱ्हाईक शोधण्याचे काम अमुक तारखेस आपणांकडे सोपविले होते. अमुक तारखांस लेखी विचारणा करूनही कामाची माहिती मिळाली नाही. सबब हे पत्र पोहोचल्यापासून पंधरा दिवसांनी आपला अधिकार संपुष्टात येईल. त्यानंतर माझ्या वतीने बोलणी करू नयेत, जाहिरात करू नये. कोणाकडूनही रक्कम स्वीकारू नये. यापूर्वी स्वीकारली असल्यास तिचा हिशेब द्यावा. आपण घर दाखविलेल्या व्यक्तींची नावे, तारखा व देऊ केलेली किंमत यांची यादी, घराची किल्ली व कागदांच्या प्रती त्या मुदतीत माझ्याकडे द्याव्यात.”

पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. घर दाखविलेल्या व्यक्तींची यादी मागण्यास विशेष कारण आहे. जुन्याने आणलेलेच गिऱ्हाईक नव्या मध्यस्थामार्फत परत आले, तर दोघेही दलाली मागतात. यादी हाती असली की कोणाचा हक्क रास्त आहे हे ठरविता येते. त्याचबरोबर, मध्यस्थास टाळून त्याच्याच गिऱ्हाइकाशी परस्पर व्यवहार उरकून त्याची दलाली बुडविणे, हेही तितकेच गैर आहे. प्रामाणिकपणाची अपेक्षा करणाऱ्याने तो स्वतः पाळला पाहिजे.

अधिकार संपल्याचे मध्यस्थास कळविले म्हणजे काम पुरे झाले, असे नाही. कलम २०८ नुसार तिऱ्हाईत व्यक्तींच्या बाबतीत तो अधिकार त्यांना ही गोष्ट कळेल तेव्हाच संपतो. म्हणून घरावरील त्याची पाटी उतरवावी, शेजाऱ्यांस सांगावे, ज्यांनी घर पाहिले आहे त्यांस कळवावे आणि गरज वाटल्यास स्थानिक वृत्तपत्रात छोटी जाहीर सूचना द्यावी.

दाद कोठे मागावी?

महारेराकडे तक्रार करू, असे अनेकजण म्हणतात. येथे थोडी स्पष्टता हवी. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम ९ प्रमाणे, प्राधिकरणाकडे नोंदलेल्या गृहप्रकल्पांतील विक्री करून देणाऱ्या मध्यस्थास नोंदणी घ्यावी लागते. अशा मध्यस्थांसाठी महारेराने २०२३ साली प्रशिक्षण व परीक्षाही सुरू केली. परंतु तालुक्याच्या गावातील तुमचे जुने, स्वतंत्र घर हे अशा प्रकल्पात मोडत नाही, आणि त्याच्या विक्रीपुरता या कायद्याचा थेट आधार मिळत नाही. तरीही नोंदणीकृत मध्यस्थास पसंती द्यावी. त्याला आपले नाव व नोंदणी जपावयाची असते.

सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ उपयोगी पडतो. मोबदला दिलेला असो वा देण्याचे कबूल केलेले असो, सेवा घेणारा ग्राहक ठरतो. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, तक्रार दाखल करता येते. वकील द्यावाच लागतो असे नाही. त्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता केंद्राच्या १९१५ या क्रमांकावर सल्ला घ्यावा. मध्यस्थाने इसाराची रक्कम परस्पर लाटली असेल, तर तो गुन्हेगारी विश्वासघाताचा विषय होतो. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१६ खाली पोलिसांकडे फिर्याद देता येते. मात्र निव्वळ दिरंगाईसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढू नये. यांपैकी कोठेही गेले तरी पहिला प्रश्न एकच असतो: लेखी काय आहे?

आपली सार्वजनिक जबाबदारी

येथे अधिकारी व पंचायतीचे सदस्य बसले आहेत, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. उतारा किंवा दाखला वेळेवर मिळाला नाही की नागरिक मध्यस्थाच्या दारी जातो आणि जे काम नियमाने व्हावयाचे ते ओळखीने करून घेतो. कार्यालयातील एका दिवसाची दिरंगाई अशा रीतीने दलालीत भर घालते. दुसरे असे की, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीवाचून खाजगी धंदा करता येत नाही. जागांची मध्यस्थी हाही धंदाच आहे. स्वतःची स्थावर मिळकत विकण्यापूर्वीही त्याने विहित प्राधिकाऱ्यास कळविणे आवश्यक असते. सदस्यांना हा नियम लागू नसला, तरी ज्यांच्या सहीने दाखला निघतो त्यांनी त्याच घराच्या विक्रीत वाटा घेऊ नये, हे सांगावयास नियमाची गरज नसावी.

शिक्षकांना एक विनंती आहे. गावात कोणी घर विकावयास काढले की कागद वाचून दाखविण्यासाठी तो आपल्याकडेच येतो. विशेषतः पतीच्या निधनानंतर एकट्या पडलेल्या भगिनी आणि मुले दूर असलेले वृद्ध यांना अशा वेळी कोणीतरी शेजारी बसून कागद समजावून सांगणारा हवा असतो. त्यांना मुदतीची एक ओळ, दलाली केव्हा द्यावयाची ती एक ओळ आणि मूळ कागद न देण्याची सूचना, एवढे जरी आपण लिहून दिले, तरी त्यांची आयुष्यभराची पुंजी सुरक्षित राहण्यास मोठे साहाय्य होईल. ते आपण कराल, अशी मला खात्री वाटते.